कार्डिनल कायतानांचं दुसरं पान

जुझेनाना चपला न काढताच चर्चच्या ऑफिसात शिरले, टेबलावरचा शाईचा पॅड बाजूला सारून तिथेच टेकले आणि म्हणाले, "इनास, ते दुसरं पान कुठे हाय?"

"कुठलं दुसरं पान?"

"भोळा होऊ नको. पंधरा दिवसांमागे तू मना दाखवलं आणि मी तुला झाकायला सांगितलं, ते."

बाहेर चर्चची घंटा एकेक ठोका देत होती. रोममध्ये पोप महोदय निवर्तल्याची बातमी सकाळीच आली होती. नानांनी दंडाला काळी फीतही बांधली होती, पण चेहऱ्यावर दुःख जेमतेम फितीएवढंच होतं.

मी तेव्हा आंबखळच्या चर्चमध्ये कारकून होतो. आंबखळ म्हणजे आमच्या वसई तालुक्यातलं केळीच्या वाड्यांचं, फुलांचं आणि कमिट्यांचं गाव. कारकून होण्याआधी सहा वर्षं मी सेमिनरीत काढली होती आणि फादर व्हायचं सोडून घरी परतलो होतो. गावात मला 'अर्धा फादर' म्हणत. दाखले द्यायचे, मिस्सांसाठी, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधींसाठी, नावं लिहून घ्यायची, दर महिन्याला चर्चचं पत्रक काढायचं, ही माझी कामं. जुझेनाना चर्च कमिटीचे अध्यक्ष होते. त्यांचा मंडपाचा धंदा होता, त्यामुळे गावात कोणताही सोहळा निघाला की त्यांची श्रद्धा उफाळून येई. आणि मुख्य म्हणजे ते कार्डिनल कायतान लोपीस यांचे सख्खे भाचे होते.

कार्डिनल कायतान हे आमच्या गावाचं सगळ्यात मोठं भांडवल. लहानपणी सेमिनरीत गेले, ते चढत चढत उत्तरेकडे आर्चबिशप झाले. नियमाप्रमाणे पंचाहत्तरीला खुर्ची सोडली. पुढच्याच वर्षी पोपांनी त्यांना कार्डिनल केलं. लाल टोपी मिळाली, गावात बँड वाजला. पण कार्डिनलपणाची खरी मौज टोपीत नसते, मतात असते. पोप गेले की जगभरचे कार्डिनल एका खोलीत कोंडून घेतात आणि चिठ्ठ्या टाकून नवा पोप निवडतात. मात्र पोप वारले त्या दिवसाआधी ज्यांची ऐंशी पूर्ण झाली, त्यांनी बाहेर बसून प्रार्थना करायची.

आणि आमच्या कार्डिनलांची ऐंशी नऊ दिवसांपूर्वी पूर्ण झाली होती. नुसती झाली नव्हती, आम्ही ती वाजवून केली होती. गेटवर नानांच्या मंडपाची कमान, कमानीवर 'सहस्रचंद्रदर्शन सोहळा' असा फलक. हा शब्द आपला नाही अशी शंका फादर बॅसिलांनी काढली होती, पण नानांना तो भरदार वाटला. ऐंशी किलोचा केक होता. त्यावर साखरेचा आठ आणि साखरेचा शून्य, एकेक हातभर उंच. शिवाय भेट म्हणून बाप्तिस्म्याच्या वहीतल्या नोंदीचा फोटो फ्रेम करून दिला होता. ती नोंद शोधताना मला दुसरी सापडली होती.

आमच्याकडे पहिल्या मुलाला आज्याचं नाव द्यायची रीत. मूल दगावलं तर पुढच्या मुलाला तेच नाव, आज्याचं नाव रिकामं राहू नये म्हणून. पाश्कोल लोपीसच्या घरी एका फेब्रुवारीत कायतान जन्मला. मग दोन वर्षं दहा महिन्यांनी, डिसेंबरात, पुन्हा कायतान जन्मला. आईबाप तेच, घर तेच. म्हणजे दोघांतला एक मेला होता आणि दुसरा कार्डिनल झाला होता. कोण मेला ते दफनाच्या वहीत सापडलं असतं, पण त्या सालांची दफनाची वही वाळवीने केव्हाच संपवली होती. कार्डिनलांच्या सगळ्या कागदांवर पहिली तारीख होती, म्हणून आम्ही पहिल्या पानाचा फोटो काढला. दुसरं पान दाखवलं तेव्हा नाना म्हणाले होते, "झाक ते. केकची ऑर्डर गेलीय."

आता तेच नाना टेबलावर बसून बोटं मोजत होते. "डिसेंबरवाला असंल तर मामा किती वर्षांचे?"

"सत्त्याहत्तर."

"मंग मत हाय?"

"डिसेंबरवाले असतील तर आहे."

नाना टेबलावरून उतरले आणि पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाले, "इनास, आंबखळचा माणूस पोप निवडणार."

फादर बॅसिल आमचे धर्मगुरू. सज्जन माणूस. नियमांना घाबरायचे आणि वरिष्ठांना त्याहून जास्त. त्यांनी दोन्ही पानं पाहिली, घाम पुसला आणि आतून कायद्याचं जाडं पुस्तक आणलं.

"कार्डिनल महोदय डिसेंबरचे असतील," ते म्हणाले, "तर त्यांना फादर केलं तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते. तेव्हाचा नियम चोविसाचा."

"मंग?" नाना म्हणाले.

"म्हणजे मत द्यायला ते पुरेसे तरुण असतील, तर फादर व्हायला ते फार लहान होते."

"ते झालं गेलं ना फादर. आता कोण त्यांची मिस्सा परत घेतंय?"

फादरांनी दुपारभर फोन केले. बिशपांच्या ऑफिसातून उत्तर आलं की गुरुवारी रात्री कार्डिनल रोमला निघतायत. त्याआधी दोन्ही नोंदींचा दाखला आणि हयात साक्षीदाराची सही असलेली जबानी मिळाली तर ते सोबत नेतील, पुढचं रोम बघेल. स्वतः कार्डिनलही फोनवर बोलले. एरवी ते फोनवर आशीर्वाद देत आणि ठेवून देत. त्या दिवशी त्यांनी दोनदा विचारलं, "बायला आठवत असेल ना? नक्की आठवत असेल ना?" त्यांच्या आवाजातली ती धडपड ऐकून मला त्यांची दया आली. चार वर्षं लाल टोपी मिरवली, आणि जिच्यासाठी ती असते ती एक चिठ्ठी नऊ दिवसांनी हुकली होती.

बाय म्हणजे त्यांची थोरली बहीण आपोलीन, जुझेनानांची आई. सगळा गाव तिला आपोलीन आजी म्हणायचा. वय चौऱ्याऐंशी, लाल लुगडं, कंबर वाकलेली, जीभ सरळ. त्या दोन कायतानांना पाहिलेलं ते एकच माणूस आता जिवंत होतं.

संध्याकाळी आम्ही तिघं गेलो तेव्हा ती ओट्यावर बसून अबोलीचे वळेसर गुंफत होती. नानांनी सगळं सांगितलं. पोप, ऐंशी, नऊ दिवस, डिसेंबर. तिने मान वर केली नाही.

"आय, तुना आठवतंय ना, कंचा कायतान गेला?"

"मीच त्याच्या पेटीपुढे मेणबत्ती धरून चाललेली. मना नाय आठवायचं तर कोणाला?"

"मंग सांग ना."

"अशी तोंडी नाय सांगणार. कागद करा. मी सही करीन." मग ती माझ्याकडे वळली. "उद्या वही घेऊन ये. बाप्तिस्म्याची आण, आन् लग्नांची पण."

"लग्नांची कशाला आजी?"

"आण म्हटलं ना."

परतताना नाना म्हणाले, म्हातारीला जुनी नावं वाचायची हौस आहे, घेऊन जा. मीही तेच धरून चाललो. दोन्ही वह्या मिळून लहान पोराएवढं वजन होतं, दुसऱ्या दिवशी सायकलच्या कॅरियरला बांधून नेताना मी आजीला मनातल्या मनात शिव्याही घातल्या.

बुधवारी सकाळी तिच्या घरातल्या टेबलाशी आम्ही बसलो. ती सांगत होती आणि मी लिहीत होतो.

"पहिला कायतू सव्वा वरसाचा होऊन गेला. मी पाचची होते. पोट फुगलेलं, तीन दिवस रडला, चवथ्या दिवशी गप झाला. मंग डिसेंबरात, नाताळाच्या आधी, हा झाला. बाबा म्हणाला, नाव तेच."

"म्हणजे कार्डिनल महोदय हे दुसरे?" फादरांनी विचारलं.

"दुसरा. नऊ वरसाचा असताना त्याला सेमिनरीत नेला. लढाईचे दिवस, घरात भात नाय. तिथे तीन वेळा जेवाण मिळायचं. पण बारा पुरी झाल्याबिगर पोर घेत नसत. तेव्हा इथे फादर ब्राझ होते. त्यांनी मेलेल्या पोराची तारीख काढून दाखला लिवला. कायतू अंगाने थोराड, चालून गेलं."

नानांनी टेबलावर थाप मारली. सत्त्याहत्तर. कागदावर, फादरांच्या समोर, सख्ख्या बहिणीच्या तोंडून. ते खिशातून मोबाइल काढून उठलेच, बहुधा फलकवाल्याला फोन करायला.

"बस," आजी म्हणाली. "अजून संपलं नाय. इनास, दुसरी वही उघड."

तिने साल सांगितलं. मी लग्नांच्या वहीत पान काढलं. वधू, आपोलीन पाश्कोल लोपीस. वर, सालू जुझे परेरा, विधुर, वय एकतीस. वधूचं वय, चौदा. अक्षर फादर ब्राझांचंच, टपोरं आणि डावीकडे कललेलं.

"आता माझं बाप्तिस्म्याचं पान काढ."

मी काढलं आणि मनात वजाबाकी केली. मग बोटांवर केली. सेमिनरीत मला गणितात कधी चांगले गुण पडले नव्हते, पण ही वजाबाकी चुकण्यासारखी नव्हती.

"किती येतात?" तिने विचारलं.

"बारा."

फादर बॅसिलांनी वही माझ्यापुढून ओढून घेतली आणि स्वतः मोजलं. सत्तर-बाहत्तर वर्षं त्या दोन वह्या एकाच कपाटात, एकाच फळीवर, एकमेकींना टेकून उभ्या होत्या. त्या शेजारी ठेवून कोणी पाहिल्या नव्हत्या, कारण तसं पाहायची कोणाला गरजच पडली नव्हती.

"चवदा पुरी नसली तर देवळात लगीन लागत नसे," आजी सांगू लागली. तिचा आवाज चढला नाही, हातही अबोलीवरून थांबला नाही. "मी चवथीत पहिली आलेली. वसईच्या सिस्टर मना सातवीपर्यंत ठेवून घेणार होत्या, फुकट. पेटी भरून झालेली. मंग सालूचं स्थळ आलं. बायको मेलेली, दोन पोरं, पण वाडी मोठी. बाबा फादर ब्राझांकडे गेला. फादरांनी दोन वरसं वाढवली आन् पुढल्या सोमवारी लगीन लावलं. पुढे कायतूच्या टायमाला त्यांचा हात बसलेलाच होता." तिने फुलांची परडी खाली ठेवली. "त्याची तीन लिवलीस ना? आता त्याखाली माझी दोन लिव. मंग मी सही करते."

जुझेनानांच्या हातातला मोबाइल तसाच राहिला होता.

"आय, ह्याचा मामाच्या मताशी काय संबंध?"

"एकाच माणसाने, एकाच लेखणीने केलंय. एकाच कागदावर येऊ दे."

मला गप्प बसायला हवं होतं, पण अर्ध्या फादरला अर्धं ज्ञान जिरत नाही. मी म्हणालो, "नाना, चौदाच्या आतलं लग्न त्या वेळच्या कायद्याने लग्नच होत नव्हतं. रद्दबातल."

नाना आधी माझ्याकडे बघत राहिले, मग आईकडे, मग भिंतीवरच्या आपल्या मुंडासेधारी बापाच्या फोटोकडे. "मंग मी कोण?"

"मुलं औरसच ठरतात, नाना," फादर घाईघाईने म्हणाले. "आईबापांनी चांगल्या मनाने केलेलं असेल तर ठरतात. घाबरू नका."

"मी चर्च कमिटीचा अध्यक्ष हाय," नाना म्हणाले. त्यांच्या मते हा मोठा पुरावा होता.

दुपारभर आजीची मनधरणी चालली. फादरांनी तिला चर्चच्या अब्रूची आठवण दिली, नानांनी नातवंडांच्या लग्नांची. आजीने दोघांना चहा दिला आणि तिसऱ्यांदा सांगितलं, "दोन्ही, नायतर एक पण नाय." शेवटी मी दोन्ही लिहिली. खाली सहीची जागा मोकळी ठेवली. फादर म्हणाले, उद्या कार्डिनल स्वतः येतील, त्यांचं ती ऐकेल.

गुरुवारी चारच्या सुमाराला गाडी आली. विमानतळाच्या वाटेवर त्यांनी तासभर काढला होता. काळा झगा, कमरेला लाल पट्टा, डोक्यावर ती लाल टोपी. ओट्याची पायरी चढताना नानांनी हात दिला तो त्यांनी घेतला नाही. त्या दिवशी त्यांना म्हातारं दिसायचं नव्हतं. आत लाल लुगड्यात आजी बसली होती.

"बाय, कशी आहेस?"

"दहा-अकरा दिवसांमागे होते तशीच. तेव्हा विचारलं नायस. मी तिसऱ्या रांगेत होते."

कार्डिनल खुर्चीवर टेकले. मी कागद पुढे केला. त्यांनी चष्मा लावून पहिला परिच्छेद वाचला आणि त्यांचा चेहरा उजळला. पहिल्या कायतानच्या मरणाचं वाचून उजळला असं म्हणायला बरं वाटत नाही, पण मी समोरच उभा होतो. मग ते दुसऱ्या परिच्छेदाकडे आले. तो त्यांनी सावकाश वाचला, पुन्हा वाचला आणि चष्मा काढला.

"हे मला कोणी कधी सांगितलं नाही."

"तू पाच वरसाचा होतास. माझ्या लग्नात तू लाडू मागून रडलेलास."

"बाय, पहिला भाग या कामाला पुरेसा आहे. दुसरा इथे कशाला? हा कागद रोममध्ये चार लोक वाचतील. फादर ब्राझ देवमाणूस होते. त्यांच्यामुळे मी इथवर आलो."

"त्यांच्यामुळे मी पण इथवर आले."

"लोक त्याचे वेगळे अर्थ काढतील. सालूभावजींना जाऊन तीस वर्षं झाली. आता ते लग्न मोडून कोणाचं भलं होणार आहे?"

"मोडायचं नाय मना. लिवायचं हाय."

कार्डिनलांनी फादर बॅसिलांकडे पाहिलं. फादर जमिनीकडे बघत होते. मग कार्डिनल थोडे पुढे झुकले, आणि फोनवरची ती धडपड पुन्हा त्यांच्या आवाजात आली. "बाय, तुझं आता वय काय? त्या दोन वर्षांचं या वयात तू करणार काय?"

"तू तुझ्या तीन वरसांचं काय करणार हायस?" आजी म्हणाली. "एका खोलीत बसणार आन् एक चिठ्ठी टाकणार. त्यासाठी काल जलमलेलं पोर असल्यासारखा धावत आलास. ऐंशीव्या वरसाला तुना तुझी तीन परत पायजेत, मंग मना माझी दोन का नकोत? तुझी तीन तुना जेवू घालायला घेतली होती. माझी दोन माझ्या ताटातून काढली."

कार्डिनलांनी चष्मा पुन्हा लावला. मग त्यांनी मला विचारलं, "इनास, पहिला भाग वेगळ्या कागदावर उतरवता येईल?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला कार्डिनलांना नाही म्हणायचं नव्हतं, कारण गावात त्यांना कोणी नाही म्हणत नसे. आणि आजीकडे बघून हो म्हणवेना.

"येईल," मी म्हणालो. "सही मात्र आजीची लागेल."

आजीने टेबलावरचं पेन उचललं, त्याला टोपण लावलं आणि परत ठेवलं.

कार्डिनल उठले. कागद त्यांनी घडी करून झग्याच्या आतल्या खिशात घातला. पोपनिवडीच्या चिठ्ठीला घालतात म्हणे, तशी नीट घडी. "मी यावर प्रार्थना करीन," ते म्हणाले.

"कर," आजी म्हणाली.

गाडी गेल्यावर नाना मला म्हणाले, अजून वेळ आहे, मामा विमानात विचार बदलतील, दोन्ही परिच्छेदांसकट कागद देतील. दाखल्याबरोबर खुद्द कार्डिनलांनी शब्द दिला तर बिनसहीचा कागदही चालला असता, असं फादरांना बिशपांच्या ऑफिसातून कळलं होतं. म्हणजे सगळं आता त्यांच्या खिशात होतं. आम्ही वाट पाहिली. पंधरवड्यानंतर नानांच्या मंडपात मोठा टीव्ही लागला. कार्डिनलांची रांग मत द्यायला आत निघाली, दारं बंद झाली, आणि कॅमेरा बाहेर प्रार्थना करणाऱ्या म्हाताऱ्यांवरून फिरला. दुसऱ्या ओळीत, डावीकडून चौथे, आमचे कार्डिनल होते. ऐंशी वर्षांचे.

त्यांनी कागद कोणाला दाखवला नव्हता. बहिणीची दोन वर्षं उघड्यावर येण्यापेक्षा त्यांनी आपली तीन सोडून दिली.

आता गावाला काहीतरी सांगायला हवं होतं. फादर बॅसिलांनी मला बोलावून मुद्दे दिले आणि मी चर्चच्या पत्रकात लेख लिहिला. उगीच नम्रपणा कशाला करू, लेख झकास उतरला होता. 'नोंदींवरून आपण तीन वर्षांनी लहान ठरत असतानाही महोदयांनी त्या हक्कावर मुकाट्याने पाणी सोडले. ज्या मानासाठी जग धडपडते तो त्यांनी दारातून परत पाठवला.' लोकांनी घरोघरी तो मोठ्याने वाचला. बायकांनी डोळे पुसले. नानांनी कमानीवरचा 'सहस्रचंद्रदर्शन' उतरवून 'त्यागमूर्ती' चढवला. फलक तोच होता, उलट बाजूने रंगवून घेतला. पुढे कार्डिनल गेले तेव्हा हाच शब्द त्यांच्या समाधीवर कोरला, आणि त्याखाली जन्मतारीख म्हणून सव्वा वर्षाच्या पोराची.

पत्रक निघालं त्याच आठवड्यात एका दुपारी आपोलीन आजी ऑफिसात आली. फादर जेवून आडवे झाले होते. ती काठी टेकत टेकत माझ्या टेबलापर्यंत आली, समोरच्या खुर्चीवर बसली आणि पदरातून पत्रकाची घडी काढली.

"हे तू लिवलंस?"

"हो, आजी."

"चांगलं लिवलंस. मी दोनदा वाचलं." तिने पत्रक टेबलावर ठेवून सुरकुत्या सारख्या केल्या. "ह्यात माझं नाव कुठे हाय ते दाखव."

मला कुठे बघावं ते कळेना. मी काहीतरी म्हणालो, फादरांनी सांगितलं, जागा कमी होती, असंच काहीतरी. ती ऐकून घेत होती. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. मला माझीच इतकी लाज आयुष्यात दुसऱ्यांदा वाटली नाही, सेमिनरी सोडली तेव्हाही नाही.

"तुना पत्रकात कोणी लिवू देणार नाय, ते मना कळतं," ती म्हणाली. "पण वही तुझ्याच कपाटात हाय ना?"

कपाटाची किल्ली माझ्या खिशात होती. लग्नांच्या वहीत धर्मगुरूंशिवाय कोणी अक्षर काढायचं नाही, हा नियम मी स्वतः मोठ्या अक्षरात लिहून त्या कपाटाच्या दारावर चिकटवला होता. आतल्या खोलीतून फादरांचं घोरणं ऐकू येत होतं. मी उठलो, वही काढली, तिच्यापुढे ठेवली आणि पान उघडलं.

त्या पानापायी तीन महिन्यांनी माझी नोकरी गेली. आज चर्चच्या गेटसमोरच माझं झेरॉक्सचं दुकान आहे. जन्माच्या दाखल्यांच्या प्रती काढायला लोक माझ्याकडेच येतात आणि मी कोणाची तारीख वाचत नाही.

तेव्हा मात्र मी पेन उघडलं आणि फादर ब्राझांच्या टपोऱ्या अक्षराशेजारी, समासात, बारीक पण स्वच्छ लिहिलं, 'वधूचे खरे वय बारा वर्षे. बाप्तिस्म्याच्या वहीतील नोंद पाहावी.' वही तिच्याकडे फिरवली. तिने पदराने चष्मा पुसला, ओळीवर बोट ठेवलं आणि चौथीतली मुलं वाचतात तसं एकेक शब्द उच्चारून वाचलं. 'बारा'पाशी बोट थांबलं. ते तिथेच राहिलं, आणि मी घाई केली नाही.

मग तिने पेन मागून घेतलं, शेजारी सही केली, आपोलीन पाश्कोल लोपीस, माहेरचं नाव, आणि पेन मला परत दिलं.

"खाली तारीख घाल," ती म्हणाली. "खरी घाल."